उंच वाफे आणि दगडी ताली : अँडीज पर्वतातील शेतीचा इतिहास

जमिनीच्या पातळीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यात भाजीपाला लावण्याची पद्धत जगाच्या अनेक भागांत स्वतंत्रपणे उदयाला आली. महाराष्ट्रात कांदा, वांगी, टोमॅटो यांची रोपे ज्या उंचवट्यावर तयार करतात त्याला गादीवाफा म्हणतात, आणि सह्याद्रीच्या उतारावर बांध घालून टप्प्याटप्प्याने काढलेली भाताची खाचरे कोकण व मावळ या भागांत सर्वत्र आढळतात. सपाट जागी माती उचलून वाफा उंच करणे आणि उतारावर माती अडवून एकावर एक वाफे रचणे, या दोन्ही युक्त्या एकाच प्रदेशात, एकाच संस्कृतिपरंपरेत आणि हजारो हेक्टरांच्या प्रमाणावर वापरल्या गेल्याचे उदाहरण शोधायचे झाल्यास दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगेकडे, विशेषतः आजच्या पेरू व बोलिव्हिया या देशांकडे वळावे लागते. तेथील उंच वाफ्यांचा आणि दगडी ताल्यांचा इतिहास सुमारे तीन हजार वर्षांचा असून त्यात उभारणी, ऱ्हास, विस्मरण, पुनर्शोध आणि पुनरुज्जीवनाचे काही फसलेले व काही यशस्वी प्रयत्न असे सर्व टप्पे येतात. हे टप्पे क्रमाने पाहिले असता वाफ्याची रचना हा या इतिहासाचा अर्धाच भाग असल्याचे ध्यानात येते, कारण वाफा उभारणारी, त्याला पाणी देणारी आणि दर वर्षी त्याची डागडुजी करणारी समाजव्यवस्था जेथे टिकली तेथेच वाफे टिकले.

भूमी, दंव आणि कंद

पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, तितिकाका हा विस्तीर्ण तलाव पसरलेला आहे. त्याच्या भोवतीच्या उंच पठाराला स्पॅनिश भाषेत अल्तिप्लानो म्हणतात आणि तेथे मुख्यतः केचुआ व आयमारा या भाषा बोलणारे शेतकरी राहतात. या पठारावर पाऊस प्रामुख्याने डिसेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो, उरलेले वर्ष बहुतांशी कोरडे जाते, आणि पिके शेतात उभी असतानाही एखाद्या निरभ्र रात्री तापमान गोठणबिंदूखाली उतरून दंवाने संपूर्ण पीक काळे पडू शकते. तलावाकाठची सखल मैदाने, ज्यांना तेथे पाम्पा म्हणतात, पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि थंड हवा जड असल्यामुळे डोंगरउतारावरून घसरून याच मैदानांवर साचते, म्हणजे पूर आणि दंव ही दोन्ही संकटे तेथे एकत्र येतात. डोंगरउतारावर पुराचे भय नसले तरी तेथील माती पातळ असते आणि जोराच्या पावसात ती वाहून जाते.

अशा प्रतिकूल भूमीतच बटाट्याची लागवड प्रथम सुरू झाली. दक्षिण पेरूच्या परिसरातील रानटी जातींपासून काही हजार वर्षांपूर्वी माणसाने बटाटा माणसाळवला आणि पुढे अँडीजमध्ये त्याची हजारो स्थानिक वाणे विकसित झाली. बटाट्याच्या जोडीला ओका, उयुको आणि माशुआ ही तीन कंदपिके तेथे घेतली जातात. ओकाचे कंद उन्हात ठेवल्यावर गोड होतात, तर उयुकोचे कंद भाजीसारखे शिजवून खाल्ले जातात. दंव हे एरवी संकट असले तरी काढणीनंतर त्याचाच उपयोग करून बटाटे रात्री गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढायचे आणि ते वाळवून वर्षानुवर्षे टिकणारा चुन्यो नावाचा पदार्थ तयार करायचा, ही पद्धतही याच प्रदेशातील आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा स्पेनमध्ये पोहोचला आणि तेथून जगभर पसरला. पोर्तुगिजांच्या मार्गाने तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि कालांतराने महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणाचा व उपवासाच्या फराळाचाही भाग झाला. या पिकाच्या मूळ भूमीतील शेतकऱ्यांनी त्यासाठी जमीन कशी घडवली, हा विषय म्हणूनच मराठी वाचकालाही परका नाही.

पाम्पावरील उंच वाफे

तितिकाकाच्या काठच्या पाम्पावर जे उंच वाफे उभारले गेले त्यांना केचुआ भाषेत वारू वारू, आयमारा भाषेत सुका कोयू आणि स्पॅनिशमध्ये कामेयोनेस म्हणतात. दोन समांतर चर खणायचे आणि त्यांतून निघालेली माती मधल्या पट्ट्यावर टाकून तो उंच करायचा, हे त्यांच्या रचनेचे मूळ तत्त्व होते. सर्वसाधारणपणे हे वाफे चार ते दहा मीटर रुंद, दहा ते शंभर मीटर लांब आणि सुमारे एक मीटर उंच असत, आणि दोन वाफ्यांमधील चरांची रुंदीही बरीचशी वाफ्यांइतकीच असे. या कामासाठी चाकीताक्या नावाचे पायाने दाबून चालवायचे नांगरासारखे अवजार वापरले जाई. त्याने गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेली मातीची ढेकळे विटांसारखी कापून काढत, त्यांच्या भिंती वाफ्याच्या कडांना रचत आणि मधल्या पोकळीत चरातील भुसभुशीत माती भरत. बैल, घोडा किंवा लोखंडी फाळ यांपैकी काहीही नसताना हे काम माणसांच्या हातापायांनी आणि पाठीवरच्या ओझ्याने पुरे होत असे.

या रचनेचे गुण एकापेक्षा अधिक होते आणि ते एकमेकांना पूरक होते. वाफा उंच असल्यामुळे पुराचे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नसे आणि कंद कुजत नसत. पाऊस लांबल्यास चरात साठलेले पाणी झिरपून किंवा हाताने शिंपडून पिकाला मिळत असे. दिवसभर उन्हात तापलेले चरांतील पाणी मातीपेक्षा अधिक उष्णता धरून ठेवते आणि रात्री ती हळूहळू सोडते, त्यामुळे वाफ्यांभोवतीची हवा मोकळ्या शेतावरील हवेपेक्षा थोडी उबदार राहते. दंवाच्या रात्री हा एक-दोन अंशांचा फरकही पीक वाचणे आणि मरणे यांमधला फरक ठरतो. चरांत वाढणाऱ्या पाणवनस्पती, शेवाळ आणि कुजलेला गाळ कोरड्या ऋतूत काढून वाफ्यावर पसरला की तेच खत होई, म्हणजे वाफ्याची सुपीकता त्याच्या शेजारच्या चरातूनच दर वर्षी परत येत असे. वाफे रुंद व खोल मातीचे असल्यामुळे मुळांना मोकळी जागा मिळे, आणि सखल भागात साचणारे क्षारही त्यातून निचऱ्यावाटे कमी होण्यास मदत होई.

विस्मरण आणि पुनर्शोध

या वाफ्यांचे अवशेष शतकानुशतके गुरे चरण्याच्या मैदानात लाटांसारख्या उंचसखल रेषांच्या रूपाने उघड्यावर पडून होते, परंतु ते माणसाने घडवलेले शेत आहे हे विद्वानांच्या लक्षात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ विल्यम डेनेव्हन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी बोलिव्हियाच्या सखल प्रदेशातील मोहोस मैदानात अशा उंच शेतांचा अभ्यास केला होता. त्यानंतर स्मिथ, डेनेव्हन व हॅमिल्टन या तीन अभ्यासकांनी १९६८ मध्ये तितिकाकाच्या परिसरातील अवशेषांविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांचे क्षेत्र सुमारे ८२,००० हेक्टर असल्याचा अंदाज मांडला. शेतीत मोडलेले आणि गाळाखाली गेलेले भाग या अंदाजात पूर्णपणे आलेले नव्हते, त्यामुळे पुढील अभ्यासकांनी मूळ विस्तार याहून मोठा मानला.

वाफे कोणी व केव्हा बांधले, या प्रश्नावर पुरातत्त्वज्ञांत दीर्घकाळ वाद झाला आणि हा वाद केवळ कालगणनेचा नाही. तलावाच्या दक्षिणेस तिवानाकू नावाचे मोठे नगर इसवी सनाच्या सुमारे ५०० ते १००० या काळात भरभराटीस आले होते, आणि अॅलन कोलाटा यांनी त्याच्या शेजारच्या पाम्पा कोआनी या मैदानातील वाफ्यांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की एवढे विस्तृत काम तिवानाकूच्या राज्यसत्तेने आपल्या अधिकाऱ्यांमार्फत आखले व करवून घेतले. याउलट तलावाच्या वायव्येकडील ह्वात्ता या गावी उत्खनन करणारे क्लार्क एरिक्सन यांनी दाखवले की तेथील सर्वांत जुने वाफे इसवी सनापूर्वी सुमारे १००० या काळातले, म्हणजे कोणतेही मोठे राज्य उदयाला येण्यापूर्वीचे आहेत, आणि राज्ये कोसळल्यानंतरही काही ठिकाणी ते पुन्हा वापरात आले. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की वाफे गावकऱ्यांनी स्वतःच्या संघटनेच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या थोडेथोडे करून उभारले. राज्यसत्तेने काही भागांत विस्तार घडवला असला तरी मुळात ही पद्धत ग्रामसमाजाच्या हातांत जन्मली, हा एरिक्सन यांचा मुद्दा आज अधिक भक्कम वाटतो, कारण कालक्रमाचा पुरावा त्याच्या बाजूने आहे.

ऱ्हासाच्या कारणांबाबतही असाच विचारविनिमय झाला. हिमनदीतज्ज्ञ लॉनी थॉम्पसन यांनी १९८३ मध्ये दक्षिण पेरूतील केल्काया हिमटोपीतून बर्फाचे खोल नमुने काढले आणि त्यांतील थरांवरून मागील सुमारे १,५०० वर्षांच्या पर्जन्याचा आलेख तयार झाला. त्यात इसवी सनाच्या अकराव्या शतकापासून दीर्घ कोरडा काळ दिसतो आणि कोलाटा व त्यांचे सहकारी ऑर्टलॉफ यांनी त्यावरून तलावाची पातळी खालावल्याने वाफ्यांचे पाणी तुटले व तिवानाकू कोसळले, असे मत मांडले. इंका सत्ता पंधराव्या शतकात या प्रदेशात पोहोचली तोवर बहुतेक वाफे वापरातून गेलेले होते, आणि त्यामुळेच स्पॅनिश इतिहासकारांच्या लेखनात ताल्यांचे वर्णन विपुल असले तरी उंच वाफ्यांचा स्पष्ट उल्लेख सापडत नाही.

उतारावरील ताली

उंच वाफ्यांचा वापर ज्या काळात संपत आला होता त्याच काळात डोंगरउतारावरील पायऱ्यांची शेती कळसाला पोहोचत होती. या पायऱ्यांना स्पॅनिशमध्ये आंदेनेस म्हणतात आणि त्यांची रचना पश्चिम महाराष्ट्रात दगडी ताल घालून केलेल्या शेतासारखीच, परंतु अधिक काटेकोर असते. त्यांचा आरंभ इंकांनी केलेला नाही; इसवी सनाच्या सुमारे ६०० ते १००० या काळातील वारी राज्याने आणि त्याही आधीच्या स्थानिक समाजांनी ताली बांधल्या होत्या, आणि इंकांनी पंधराव्या शतकात हे ज्ञान उचलून त्याला राजाश्रय, प्रचंड मनुष्यबळ आणि घडीव दगडकामाची जोड दिली. उतारावर दगडी भिंत उभारायची, ती मागच्या मातीचा भार सहन करण्यासाठी किंचित डोंगराकडे कललेली ठेवायची, भिंतीमागे तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर दुरून आणलेली सुपीक माती भरायची, अशी उत्तम तालीची घडण असे. पाणी वरच्या थरात पिकासाठी पुरेसे थांबे आणि जास्तीचे पाणी खालच्या थरांतून निचरून जाई, त्यामुळे भिंत फुगून कोसळत नसे.

माचू पिच्चू येथील ताल्यांचा अभ्यास जलअभियंते केनेथ राइट आणि पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो वालेन्सिया सेगार्रा यांनी केला आणि हे थर तेथे प्रत्यक्ष आढळले. त्या ठिकाणी वर्षाला १,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तेथे सिंचनापेक्षा निचरा महत्त्वाचा होता. पाचशेहून अधिक वर्षे उलटून गेल्यावरही कड्याच्या टोकावरचे ते नगर घसरून गेलेले नाही, याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर या ताल्यांना आणि त्यांखालील निचऱ्याला जाते. कोरड्या खोऱ्यांत मात्र ताल्यांचा प्राण पाण्यात होता आणि हिमनद्यांच्या व झऱ्यांच्या पाण्याचे पाट कित्येक किलोमीटर अंतरावरून, अगदी हलका उतार राखत, सर्वांत वरच्या टप्प्यावर आणले जात व तेथून ते टप्प्याटप्प्याने खाली उतरत. दगडी भिंती दिवसा ऊन शोषून रात्री उष्णता देत असल्याने त्यांच्या आश्रयाने मका नेहमीपेक्षा अधिक उंचीवर घेता येई, तर त्याहून वरच्या थंड पट्ट्यात बटाटा व इतर कंद लावले जात. मानववंशशास्त्रज्ञ जॉन मुर्रा यांनी दाखवल्याप्रमाणे एकाच समाजाचे लोक वेगवेगळ्या उंचीवरील पट्ट्यांत जमिनी राखत असत, जेणेकरून एका पट्ट्यातील पीक बुडाले तरी दुसऱ्यातील धान्य किंवा कंद हाताशी राहावेत.

या शेतीची तत्कालीन माहिती देणाऱ्यांत दोन लेखक विशेष महत्त्वाचे आहेत. इंकांची जुनी राजधानी कुस्को येथे १५३९ मध्ये इंका राजकन्या व स्पॅनिश सेनाधिकारी यांच्या पोटी जन्मलेल्या इंका गार्सिलासो दे ला वेगा यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताल्यांची रचना, पाण्याची पाळी आणि राजघराण्यातील पुरुषांनी कुस्कोतील कोल्कांपाता या पवित्र तालीवर गाणी म्हणत केलेली नांगरणी यांचे वर्णन केले आहे. आपल्या मातृकुळाचा गौरव हा त्यांच्या लेखनामागील हेतू होता, त्यामुळे त्यातील आदर्शीकरण वगळून ते वाचावे लागते. दुसरे लेखक फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला यांनी सुमारे १६१५ मध्ये स्पेनच्या राजासाठी लिहिलेल्या बृहद्‌ग्रंथात वर्षाच्या बारा महिन्यांतील शेतकामाची चित्रे काढली असून त्यांत चाकीताक्या चालवणारे पुरुष आणि बियाणे पेरणाऱ्या स्त्रिया स्पष्ट दिसतात; हे हस्तलिखित १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात अभ्यासकांच्या नजरेस आले. आधुनिक काळात वनस्पतिशास्त्रज्ञ ओ. एफ. कुक यांनी १९१६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात या पायऱ्यांच्या शेतीवर सविस्तर लेख लिहून ती जगापुढे आणली.

सावड, इर्जिक आणि पाण्याची पाळी

उंच वाफे असोत वा ताली, त्यांच्या पायाशी जी संस्था होती तिला आय्यू म्हणतात. आय्यू म्हणजे समान पूर्वज, समान भूमी आणि समान जबाबदाऱ्या मानणाऱ्या कुटुंबांचा समूह. जमिनीवर अंतिम हक्क त्या समूहाचा असे आणि कुटुंबाला गरजेनुसार वाटा मिळे. श्रमाची देवघेव दोन प्रकारे होई. आज एकाने दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि उद्या दुसऱ्याने पहिल्याच्या शेतात तेवढेच राबायचे, या पद्धतीला आयनी म्हणत आणि मराठी मुलुखातील सावड हा तिचा जवळचा भाऊबंद आहे. मोठ्या कामासाठी सर्वांना बोलवायचे आणि यजमानाने खाणे-पिणे द्यायचे, या पद्धतीला मिंका म्हणत आणि तिच्याशी महाराष्ट्रातील इर्जिकीचे साम्य उघड आहे. राज्यासाठी पाळीपाळीने द्यायच्या श्रमाला मिता म्हणत. इंकांच्या ताली, रस्ते व कोठारे याच श्रमातून उभी राहिली आणि त्या बदल्यात राज्याने कामकऱ्यांना अन्न, मक्याची बिअर आणि वस्त्र पुरवावे अशी अपेक्षा असे.

पाटांची सफाई हा या व्यवस्थेचा सर्वांत दृश्य भाग होता आणि अनेक गावांत तो आजही आहे. केचुआ भाषेत यार्का आस्पी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वार्षिक कामात सर्व पाणीधारक कुटुंबे लावणीपूर्वी एकत्र येऊन पाटातील गाळ व तण काढतात, फुटलेले काठ बांधतात आणि भूमी व पर्वत यांना नैवेद्य दाखवून उत्सव करतात. पाण्याची पाळी ठरवणारा माणूस गावाने निवडलेला असतो आणि सफाईला गैरहजर राहणाऱ्याचा पाण्यावरील हक्क धोक्यात येतो. धुळे व नाशिक भागातील फड पद्धतीत पाटकऱ्याकडे जी जबाबदारी असे तिच्याशी हे काम ताडून पाहता येते, कारण दोन्हीकडे पाणी, श्रम आणि हक्क हे एकाच सूत्रात बांधलेले होते.

ऱ्हास

इंका सम्राट अताहुआल्पा याला स्पॅनिशांनी १५३२ मध्ये काहामार्का येथे कैद केले आणि पुढील काही दशकांत अँडीजचा समाज मुळापासून हादरला. युरोपातून आलेल्या देवी, गोवर यांसारख्या रोगांनी लोकसंख्या प्रचंड घटली, आणि ताल्यांची डागडुजी करण्यास हातच उरले नाहीत. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात डोंगरात विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना आखीव नव्या गावांत बसवले, ज्यामुळे अनेक कुटुंबे आपल्या वरच्या टप्प्यांपासून दूर गेली. त्याच काळात त्याने मिता या जुन्या श्रमपद्धतीचे रूप बदलून ती पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी सक्तीची केली आणि तितिकाका परिसरातील गावांना आपली माणसे शेकडो किलोमीटर दूर पाठवावी लागली. जी संस्था वाफे उभारण्यासाठी होती तिचेच नाव घेऊन समाजाचे हात वाफ्यांपासून तोडले गेले, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद घटना म्हटली पाहिजे. मेंढ्या व गुरे यांच्या चराईने मोकळ्या ताली तुडवल्या गेल्या आणि दक्षिण पेरूतील कोल्का खोऱ्यात आधुनिक काळात मोजणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक ताली पडीक आढळल्या. तरीही जेथे लागवड अखंड चालू राहिली तेथील माती शतकानुशतके पीक देऊनही सेंद्रिय द्रव्यांनी समृद्ध राहिल्याचे मृदाशास्त्रज्ञ जोनाथन सँडर यांच्या अभ्यासातून दिसून आले.

पुनरुज्जीवनाचे प्रयोग

उंच वाफे पुन्हा पिकू शकतात काय, हे पाहण्यासाठी एरिक्सन यांनी १९८१ ते १९८६ या काळात ह्वात्ताच्या केचुआ शेतकऱ्यांसह जुन्या अवशेषांवर वाफे नव्याने उभारले आणि त्याच सुमारास पुनो येथील कृषितज्ज्ञ इग्नासिओ गरायकोचेआ यांनीही असे प्रयोग केले. बाहेरचे खत न घालता ह्वात्तातील वाफ्यांवर बटाट्याचे सरासरी उत्पन्न हेक्टरी सुमारे १० टन आले, तर परिसरातील नेहमीच्या शेतांचे उत्पन्न हेक्टरी १ ते ४ टन असे. बोलिव्हियात कोलाटा व ओस्वाल्दो रिवेरा यांच्या प्रयोगांतही मोठे उत्पन्न आले आणि १९८८ च्या फेब्रुवारीत आलेल्या कडक दंवात शेजारची शेते मोठ्या प्रमाणावर करपली असताना वाफ्यांवरील पीक बव्हंशी वाचले. या निकालांनी उत्साहित होऊन सरकारी व स्वयंसेवी संस्थांनी पुढील काही वर्षांत दोन्ही देशांत शेकडो हेक्टर वाफे बांधवले.

परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांपैकी बहुतेक वाफे पुन्हा पडीक झाले. अनेक ठिकाणी वाफे बांधण्यासाठी मजुरी, धान्य किंवा बियाणे दिले जात होते आणि ती मदत थांबताच काम थांबले. बहुतेक सामुदायिक जमिनीवर बांधलेल्या वाफ्यांची देखभाल कोणी करायची याचा निर्णय झाला नव्हता. तरुण माणसे शहरांत व खाणींत रोख मजुरीसाठी जात होती आणि चर साफ करण्याचे काम त्यांच्या वेळापत्रकात बसत नव्हते. पुरातत्त्वज्ञ मॅथ्यू बँडी यांनी २००५ मध्ये दाखवले की जमीन विश्रांतीसाठी सोडावी लागणारी वर्षे हिशोबात धरली तर श्रमाच्या मानाने उंच वाफे कोरडवाहू शेतीपेक्षा फार किफायतशीर ठरत नाहीत. त्यांचा खरा लाभ असा की त्यांवर लावणी लवकर करता येते आणि शेतीची कामे वर्षभरात विभागली जातात. भरपूर हात, त्यांना एकत्र आणणारी संस्था आणि पिकाची मोठी गरज असलेल्या समाजाला हा लाभ मोलाचा होता, पण ज्या समाजाचे हात विखुरले होते त्याला तो परवडणारा नव्हता.

ताल्यांच्या बाबतीत निकाल काहीसे वेगळे लागले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अॅन केंडॉल यांनी १९७७ पासून कुस्को परिसरातील कुसिचाका खोऱ्यात काम करताना जुने पाट दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. सिमेंटऐवजी स्थानिक चिकणमाती व दगड वापरून आणि गावकऱ्यांच्या निर्णयानेच हे काम झाले, आणि पाताकांचा नावाच्या खोऱ्यातील एका पाटाने सुमारे १६० हेक्टर ताली पुन्हा ओलिताखाली आल्या. कोल्का खोऱ्यातील काबानाकोंदे या गावाचे उदाहरण याहून बोलके आहे. डोंगरातील पाणी किनाऱ्यावरील वाळवंटात नेण्यासाठी सरकारने काढलेला माहेस कालवा या गावाच्या हद्दीतून जात होता, परंतु गावाला त्यातून थेंब मिळत नव्हता. १९८३ मध्ये गावातील काही माणसांनी तो कालवा फोडून पाणी आपल्या शेताकडे वळवले, आणि पुढे सरकारला त्यांना त्यातील वाटा मान्य करावा लागला. त्यानंतर गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने कित्येक दशके पडीक राहिलेल्या ताली पुन्हा लागवडीखाली आणल्या. येथे कोणी मजुरी दिली नव्हती. पाण्यावरचा हक्क मिळाला आणि तो राखण्यासाठी लागणारी संघटना गावात आधीपासूनच होती.

इतिहासाचा निर्वाळा

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कुस्को ते पुनो या पट्ट्यातील अँडीजच्या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली आहे, आणि शहरी परसबागांपासून मोठ्या शेतांपर्यंत उंच वाफ्यांची लोकप्रियता आज जगभर वाढत आहे. या उत्साहाच्या काळात तितिकाकाच्या काठचा अनुभव काळजीपूर्वक वाचला पाहिजे. वाफ्याची उंची आणि चराची खोली यांचे तंत्र १९८० च्या दशकातील प्रयोगांत अचूक सिद्ध झाले आणि तरीही बहुतेक वाफे टिकले नाहीत. काबानाकोंदेत तंत्र जुनेच होते, पण पाण्यावरील हक्क आणि गावाची एकजूट असल्यामुळे ताली परत पिकू लागल्या. महाराष्ट्रातही जलसंधारणाच्या योजनांतून बांध, ताली आणि चर मोठ्या खर्चाने उभारले जातात आणि काही वर्षांत देखभालीअभावी फुटतात. म्हणून अशा प्रत्येक योजनेत बांधकामाच्या खर्चाइतकेच महत्त्व पुढील वीस वर्षांच्या देखभालीला, पाणीवाटपाच्या स्पष्ट नियमांना आणि ते नियम पाळून घेण्याच्या गावाच्या अधिकाराला दिले गेले पाहिजे. हा अधिकार आधी ठरवावा आणि मगच पहिली कुदळ मारावी.